संशोधन संस्थेत स्वयंसेवक: काम मिळवायचं कसं आणि टिकवायचं कसं

ना-नफा तत्त्वावर चालणाऱ्या विज्ञान संस्थेला फुकटचे हात नेहमीच हवे असतात, असं बाहेरून वाटतं. आत गेल्यावर हिशेब वेगळा दिसतो. नव्या माणसाला काम शिकवायचं, त्याचं सुरुवातीचं काम तपासायचं, चुकलेलं निस्तरायचं, यात कुणातरी पगारी संशोधकाचे किंवा संग्रहपालाचे तास जातात. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही यायचं बंद केलंत, तर ते तास पाण्यात गेले. म्हणून तुमचा अर्ज वाचणारी व्यक्ती विज्ञानाची आवड किती, हे फारसं बघतच नाही. हा माणूस सहा महिन्यांनी इथे असेल का, आणि यानं केलेली नोंद निर्धास्तपणे वापरता येईल का, एवढंच ती बघते.

कोणतं काम मागावं

पांढरा कोट घालून प्रयोग करायला मिळेल, या अपेक्षेनं जाणारे सगळ्यात लवकर कंटाळतात. किरणोत्सर्गी पदार्थ, प्रयोगातले प्राणी, माणसांचे रक्तनमुने, रुग्णांची माहिती ही कामं बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकाला देतच नाहीत. अशा प्रकल्पांना नीतिविषयक किंवा सुरक्षा समितीची मंजुरी लागते, प्रशिक्षण घेतलेल्यांचीच नावं त्यात असतात आणि विमाही त्यांचाच असतो. यात तुमच्यावर अविश्वास वगैरे काही नाही.

खरी गरज असते ती वर्षानुवर्षं तुंबलेल्या कामांत: जुन्या नमुन्यांवरची लेबलं संगणकात उतरवणं, वाळलेल्या वनस्पती कागदावर चढवणं, कीटकांच्या पेट्या तपासणं, कॅमेरा ट्रॅपमधले (जंगलात लावलेल्या, आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांतले) फोटो वेगळे करणं, काचसामान धुणं, पक्षी-फुलपाखरांच्या मोजणीत नोंदी घेणं. आणि ज्या कामांचा विचार कुणी करत नाही तीही: हिशेब, विद्युत दुरुस्ती, छायाचित्रण, भाषांतर, ग्रंथालयाची मांडणी. जुनं गिचमिड हस्ताक्षर ज्याला वाचता येतं, त्याची हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जीवशास्त्राच्या पदवीधरापेक्षा जास्त वाट बघितली जाते. तुमच्या हातात जे कसब आधीपासून आहे, तेच घेऊन जा. विज्ञान तिथे शिकता येतं.

अनुभव अजिबात नसेल, तर घरबसल्या सुरुवात करता येते. झूनिव्हर्ससारख्या ऑनलाइन मंचावर दूरच्या दीर्घिकांपासून जुन्या नोंदवह्यांपर्यंत अनेक प्रकल्प चालू असतात. तिथे एकच प्रतिमा अनेक जणांना स्वतंत्रपणे दाखवली जाते, त्यामुळे नवख्याच्या चुकीनं काही बिघडत नाही. दोन-तीन महिने हे काम केलं की दोन गोष्टी कळतात. एकसुरी काम आपल्याला झेपतं का हे समजतं, आणि अर्जात लिहायला काहीतरी ठोस मिळतं.

अर्ज

थेट संचालकांना लिहू नका. संस्थेत स्वयंसेवक समन्वयक असेल तर त्यांना लिहा. नसेल तर ज्या विभागात काम हवंय त्याच्या संग्रहपालाला किंवा प्रयोगशाळा व्यवस्थापकाला. त्याआधी संस्थेचे शेवटचे दोन वार्षिक अहवाल वाचा. 'डिजिटायझेशनचं काम सुरू आहे' असं एक वाक्य त्यात सापडलं, तर तुम्हाला दार सापडलं.

पत्र दीडशे शब्दांच्या वर जाऊ देऊ नका. साधारण असं:

"सप्रेम नमस्कार. आपल्या गेल्या वर्षीच्या अहवालात हर्बेरियमच्या लेबलांचं डिजिटायझेशन सुरू असल्याचं वाचलं. त्या कामात मदत करायची इच्छा आहे. मी बावीस वर्षं लेखा विभागात काम केलं आहे. तक्त्यात माहिती भरणं आणि ती पुन्हा ताडून बघणं हे माझं रोजचं काम होतं. वनस्पतिशास्त्राचं शिक्षण नाही. दर मंगळवारी सकाळी ९ ते १ येऊ शकेन, किमान आठ महिने. मे महिन्यात तीन आठवडे येता येणार नाही. आधी एक-दोन दिवस नमुन्यादाखल काम देऊन बघितलंत तरी चालेल."

यात वार आणि वेळ आहे, मुदत आहे, काय येत नाही ते आहे, आणि सुट्टीसुद्धा आधीच सांगितली आहे. 'मला लहानपणापासून विज्ञानाची ओढ आहे' हे नाही, आणि त्यानं काही अडलेलं नाही. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. दुसऱ्यांदा नको.

आठवड्यातून एक ठरलेली सकाळ सहा महिने मिळणं हे संस्थेला सलग पंधरा दिवसांच्या पूर्णवेळ कामापेक्षा जास्त उपयोगी पडतं. 

हो म्हणण्याआधी विचारायचं

अपघात झाला तर संस्थेचा विमा स्वयंसेवकाला लागू होतो का? रोजचं काम कोण सांगणार आणि कोण तपासणार? त्या व्यक्तीचं नाव कळलंच पाहिजे. 'आम्ही सगळे आहोतच' याचा अर्थ प्रत्यक्षात कुणीच नाही, असा होतो. प्रवासखर्च मिळतो का? लसी कोणत्या लागतात? माती-चिखलात काम असेल तर धनुर्वाताची लस हवी. वटवाघळं हाताळायची असतील तर रेबीजची लस आधीच घेतलेली असावी लागते. माणसांच्या रक्ताजवळ काम असेल तर हेपॅटायटिस बी. यावर 'बघू नंतर' असं उत्तर आलं तर त्या कामाला नकार द्या.

कामाचं वर्णन अर्ध्या पानाचं का होईना, लेखी घ्या. गोपनीयतेचा करार पुढे ठेवला तर वाचून सही करा. अप्रकाशित आकडे, छायाचित्रं आणि नमुन्यांची ठिकाणं बाहेर सांगायची नाहीत, हे त्यात असतंच. दुर्मीळ ऑर्किड किंवा घुबडाच्या घरट्याचा फोटो समाजमाध्यमावर टाकला आणि त्यात फोनचं लोकेशन राहून गेलं, तर पुढच्या मोसमात ती जागा रिकामी झालेली असू शकते.

काही कार्यक्रमांत स्वयंसेवकाकडूनच शुल्क घेतात. दूरच्या मोहिमेत जेवणखाण आणि प्रवास त्यातून भागत असेल तर ठीक. पण कशाकशाचे पैसे हे लेखी मागा.

नोंद

शिकवतील त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि शिकवताना सगळ्यात कमी वेळ मिळतो तोही यालाच.

नोंदवहीत पुसली न जाणारी शाई वापरा. चुकलं तर एकच आडवी रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी बरोबर नोंद, आद्याक्षरं आणि तारीख. व्हाइटनर नाही, गिरवागिरवी नाही, पान फाडणं तर नाहीच. वहीत खाडाखोड दिसते याची लाज वाटून नवं स्वच्छ पान लिहून काढणारे स्वयंसेवक असतात. मूळ नोंद गेली की पुराव्याचा धागाच तुटतो, मग नवं पान कितीही सुबक असो. मैदानी वहीला मात्र पेन्सिल बरी, कारण शाई पावसात पसरते.

आता लेबल उतरवण्याचं काम जरा जवळून बघू. जुन्या नमुन्याच्या लेबलावर बहुधा जातीचं नाव, ठिकाण, तारीख, संकलकाचं नाव आणि त्याचा क्रमांक असतो. नियम एकच: आहे तसं उतरवा, अर्थ वेगळ्या रकान्यात लावा. गावाचं स्पेलिंग चुकलेलं असलं तरी मूळ रकान्यात चुकलेलंच राहतं. उंची फुटांत दिलीय तर मूळ रकान्यात फूटच. तुम्ही परस्पर केलेली 'दुरुस्ती' चुकीची निघाली तर लेबलावर काय होतं ते नंतर कुणालाच कळत नाही.

तारखेत सगळे फसतात. ०३/०४/५२ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? आणि १९५२ की १८५२? मधला आकडा रोमन असेल तर प्रश्न मिटला: जीवशास्त्राच्या संग्रहात महिना रोमन अंकात लिहायची जुनी पद्धत आहे, ती नेमकी या घोळासाठीच. नसेल तर त्याच संकलकाची आधीच्या आणि नंतरच्या क्रमांकाची लेबलं काढून बघा. क्रमांक २११ ला २९ मार्च असेल आणि २१९ ला ६ एप्रिल, तर २१४ ची तारीख ३ एप्रिल असणार. शतक संकलकाच्या हयातीवरून ठरतं. पक्की झाली की १९५२-०४-०३ अशी, वर्ष-महिना-दिवस या क्रमानं भरा. पक्की होत नसेल तर अंदाज भरू नका. संस्थेनं ठरवून दिलेली खूण करा आणि पुढे जा.

अक्षांश-रेखांशाचंही तसंच. दशांशानंतर चार आकडे म्हणजे साधारण ११ मीटरची अचूकता. लेबलावर 'गावाच्या उत्तरेला ५ किलोमीटर' एवढंच लिहिलं असेल, तर नकाशावर बोट ठेवून चार आकडी स्थान भरणं ही शुद्ध थाप आहे. सोबत अनिश्चितता किती मीटरची, तो रकाना भरा. भरून झालं की सगळे बिंदू एकदा नकाशावर टाकून बघा. जंगली झाड समुद्रात उगवलेलं दिसलं, तर बहुधा अक्षांश आणि रेखांश अदलाबदल झालेत. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसलं, तर कुणीतरी रिकाम्या रकान्यात शून्य भरलंय; शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश तिथेच मिळतात.

रिकामं आणि शून्य यांत फरक आहे, हे मोजणीतही लागू. 'माहीत नाही', 'बघितलं नाही' आणि 'बघितलं पण नव्हतं' या तीन नोंदी वेगळ्या आहेत.

एक्सेलबद्दल एक इशारा. हा प्रोग्राम स्वतःहून शहाणपणा करतो. मार्च१, सेप्ट२ अशी जनुकांची नावं त्यानं इतक्या वेळा तारखा करून टाकली, की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं शेवटी ती नावंच बदलली. २०२० साली त्याचे नवे नियमही प्रसिद्ध झाले. बारकोडच्या सुरुवातीची शून्यं तो उडवतो आणि पंधरा आकड्यांपुढचे सगळे आकडे शून्य करतो. माहिती भरायच्या आधी रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. नंतर केलात तर गेलेलं परत येत नाही.

वनस्पती कागदावर चढवणं

हर्बेरियमचा कागद साधारण ४२ × २९ सेंटिमीटर, जाड आणि आम्लरहित. आम्ल असलेला कागद काही दशकांत पिवळा पडून ठिसूळ होतो आणि नमुन्यालाही सोबत नेतो. कामाचा क्रम असा:

१. आधी लेबल खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवून बघा, मग उरलेल्या जागेत नमुना मांडा. फूल, फळ, पानाचा देठ कशावरही लेबल येता कामा नये. निदान एक पान उलटं हवं. पानाच्या खालच्या बाजूची लव आणि शिरा बघितल्याशिवाय कित्येक जाती ओळखताच येत नाहीत.

२. जाड मूळ किंवा खोड दर वेळी एकाच जागी नको. शंभर कागदांची चळत एका बाजूला फुगते आणि वरचे नमुने तडकतात.

३. गोंद मागच्या बाजूला पातळ हातानं लावा. जाड फांदीला गोंद पुरत नाही. तिथे कापडी चिकटपट्टीचा अरुंद तुकडा किंवा दोऱ्याचा टाका. पारदर्शक सेलोटेप कधीही नाही. ती काही वर्षांत सुकून गळते आणि तपकिरी डाग मागे ठेवते.

४. गळालेल्या बिया, पाकळ्या फेकू नका. कागदाचं छोटं पाकीट करून त्यात घाला आणि त्याच कागदावर चिकटवा.

५. वर मेणकागद, त्यावर वजन, रात्रभर.

६. कपाटात जाण्याआधी बंद पिशवीत −२० अंश सेल्सिअसला एक ते दोन आठवडे. सिगारेट बीटलसारखे भुंगे आणि त्यांच्या अळ्या यातच मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही; एक दिवस तशीच राहू द्या. हवेतलं पाणी मग पिशवीवर बाहेरून जमतं. घाईनं उघडली तर ते नमुन्यावर जमतं आणि बुरशी धरते.

चळतीतला नमुना बघताना पुस्तकाचं पान उलटतो तसा कागद पालथा करायचा नाही, सपाट उचलून बाजूला ठेवायचा. जुने नमुने कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराइड या विषारी रसायनात बुडवलेले असू शकतात. कागदावर करडे-काळपट डाग दिसले तर शंका घ्या, पण डाग नाहीत म्हणून निर्धास्तही होऊ नका. हातमोजे घाला, काम झाल्यावर हात धुवा, आणि टेबलावर चहाचा कप आणू नका.

काचसामान

हे हलकं काम समजलं जातं, पण प्रयोग फसतात त्यातले कितीतरी इथेच. बीकरमध्ये उरलेला साबणाचा थर पेशी मारतो, मापन बिघडवतो, आणि दोष जातो रसायनाला.

आधी मार्करच्या खुणा अल्कोहोलनं पुसा. कोमट पाणी, प्रयोगशाळेचा साबण आणि ब्रश; ब्रशचे केस झिजून आतली तार उघडी पडली असेल तर तो टाकून द्या, काचेवर चरे पडतात आणि चऱ्यात घाण बसते. नळाच्या पाण्यानं भरपूर खळबळा. शेवटी डिस्टिल्ड वॉटरनं तीनदा, पण दर वेळी थोडंसंच घेऊन सगळीकडे फिरवून. एकदाच भरभरून ओतण्यापेक्षा थोडं थोडं तीनदा जास्त स्वच्छ करतं. काच स्वच्छ असेल तर पाणी सलग पातळ पडद्यासारखं उतरतं. थेंब थबकून राहिले तर तेलकटपणा आहे, पुन्हा धुवा. मापाचे फ्लास्क आणि पिपेट गरम ओव्हनमध्ये वाळवू नका, माप हलू शकतं.

आत काय होतं हे माहीत नसलेलं भांडं धुवू नका, आधी विचारा. ब्लीच आम्लात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनियात मिसळलं तर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना घातक. फुटलेली काच हातानं उचलायची नाही आणि साध्या कचऱ्याच्या पिशवीतही टाकायची नाही. तिला वेगळा कडक डबा असतो.

काही महिन्यांनी बटण दाबून ठरावीक द्रव ओढणारा पिपेट हातात आला, तर आधी स्वतःची परीक्षा घ्या. तराजूवर १००० मायक्रोलीटर पाणी दहा वेळा टाका. दर वेळी जवळपास १ ग्रॅम यायला हवं आणि दहा वजनांत फरक १ टक्क्याच्या आत. फरक जास्त येत असेल तर कारण बहुधा अंगठ्यात आहे: द्रव ओढताना बटण दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं जातंय, किंवा झटक्यात सोडल्यानं टोकात हवा शिरतेय. नवं टोक लावल्यावर तोच द्रव दोनदा ओढून सोडला की पहिलं मापही नीट येतं.

मोजणीला जाताना

ख्रिसमस बर्ड काउंट ही पक्षिगणना १९०० साली २७ जणांनी सुरू केली आणि ती अजून चालू आहे. तिचे आकडे आज वापरता येतात, कारण किती पक्षी दिसले याच्याबरोबर किती वेळ आणि किती अंतर फिरून दिसले, हेही लिहिलेलं असतं. म्हणून सुरुवात-शेवटची वेळ, ठिकाण, हवामान, माणसं किती, हे आधी. दहा मिनिटं ठरली असतील तर अकराव्या मिनिटाला आलेला गरुड नोंदीत नाही, कितीही मोह झाला तरी. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा. कंटाळवाणी सकाळ गाळणाऱ्या स्वयंसेवकांमुळे आकडे फुगतात. ओळख पटली नाही तर 'न ओळखलेला गरुड' ही नोंद पुरेशी आहे.

काही बिघडलं किंवा वेगळं दिसलं तर

त्याच दिवशी सांगा. फ्रीजरचं दार उघडं राहिलं, दोन लेबलं अदलाबदल झाली, वीस ओळी चुकीच्या रकान्यात गेल्या. सगळं लगेच कळलं तर बहुधा सुधारता येतं. महिन्यानंतर कळलं तर तुमच्या हातचं सगळंच काम पुन्हा तपासावं लागतं. कधी, कुठून कुठपर्यंत, किती नोंदी, एवढं सांगा. माफीनामा लांबवू नका, समोरच्याला दुरुस्ती सुरू करायची असते.

विचित्र दिसलेलं काहीही 'आपल्याला काय कळतंय' म्हणून सोडून देऊ नका. २००७ मध्ये गॅलेक्सी झू प्रकल्पात दीर्घिकांचं वर्गीकरण करताना हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी एक अनोळखी ढगासारखा डाग दिसला. तिनं विचारलं, हे काय आहे? तो प्रचंड तप्त वायूचा ढग निघाला आणि आज तो तिच्याच नावानं ओळखला जातो.

श्रेय आणि निरोप

शोधनिबंधात सहलेखक म्हणून नाव यायला फक्त तास मोजले जात नाहीत. अभ्यासाच्या आखणीत किंवा विश्लेषणात भरीव वाटा हवा, लिखाण तपासलेलं हवं, मजकुराची जबाबदारी घ्यायची तयारी हवी. लेबलं उतरवणं, काच धुणं, नोंदी घेणं यासाठी आभाराच्या परिच्छेदात नाव येतं, आणि ते मागायला संकोच नको. प्रकल्प सुरू होतानाच विचारा. निबंध छापून आल्यावर विचारून उपयोग नसतो. तासांची नोंद स्वतःकडेही ठेवा: तारीख, वेळ, काम, किती नमुने. शिफारसपत्र लिहिणाऱ्याला 'फार मेहनती' यापेक्षा 'आठ महिन्यांत १४०० लेबलं' हे लिहायला जास्त आवडतं.

सोडायचं ठरलं तर महिनाभर आधी सांगा. अर्धवट कामाची एक पानी यादी करा: कोणत्या कपाटापर्यंत आलो, कोणत्या नोंदी शंकास्पद आहेत, कोणती खूण कशासाठी वापरली. फायली संस्थेच्या संगणकावर आहेत आणि घरच्या लॅपटॉपवर एकही उरलेली नाही, याची खात्री करा. लॉगिन बंद करायला सांगा, कारण बहुतेक ठिकाणी ते कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि किल्ली व ओळखपत्र देऊन पोच घ्या.